काही बाटल्यांत लोण्याचा वास, काहींत नाही: घरी बनवलेल्या बिअरमधील चवदोषाचा माग

आपल्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. आपण धान्यापासून २० लिटर पेल एल (फिकट रंगाची, उबेत किण्वन होणारी बिअर) बनवली, १९ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत दोन आठवडे किण्वन होऊ दिले आणि बाटल्या भरताना चाखली तेव्हा ती स्वच्छ लागली. बाटलीत पाच आठवडे गेल्यावर मात्र काही बाटल्यांना लोण्यासारखा वास आणि मागाहून किंचित आंबटपणा येऊ लागला आहे, तर काही बाटल्या अजून निर्दोष आहेत. फेस सर्व बाटल्यांत सारखाच आहे. त्याआधीच्या बॅचला जखमेवर लावायच्या औषधासारखा वास होता. या दोन्ही अनुभवांनी त्रासून आपण यीस्ट, पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि किण्वनपात्र हे सर्व एकदम बदलण्याच्या विचारात आहात.

तसे करू नये, असे मी आग्रहाने सुचवीन. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि दोष नाहीसा झाला, तर तो कशामुळे गेला हे आपल्याला कधीच कळणार नाही. आणि आपल्या वर्णनावरून मला ज्या भागाचा संशय आहे तो भाग या चारांपैकी एकातही नाही.

चवदोषांची माहिती बहुधा वासाच्या नावाने दिलेली असते, म्हणजे लोणी असेल तर अमुक आणि हिरवे सफरचंद असेल तर तमुक. ती चुकीची नसते, पण अपुरी असते, कारण एकच वास तीन वेगळ्या वाटांनी बिअरमध्ये येऊ शकतो आणि तिन्ही वाटांचे उपाय एकमेकांच्या कामाचे नसतात. म्हणून वासाला नाव देण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: दोष पहिल्यांदा कोणत्या टप्प्यावर जाणवला, तो सर्व बाटल्यांत आहे की काहींतच, आणि दिवसांबरोबर तो वाढतो आहे की ओसरतो आहे. या तीन उत्तरांनी शोधाचे क्षेत्र जितके आक्रसते तितके तीक्ष्ण नाकानेही आक्रसत नाही.

आता लोण्याच्या वासाकडे येऊ. हा वास डायॲसिटिल या पदार्थाचा असतो आणि फिकट बिअरमध्ये तो लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासही जाणवू शकतो. त्याची पहिली वाट यीस्टमधूनच जाते. व्हॅलिन हे अमिनो आम्ल तयार करताना यीस्टच्या पेशीतून अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा मधला पदार्थ बाहेर झिरपतो, त्याचे बिअरमध्ये सावकाश, कोणत्याही विकराच्या मदतीविना, डायॲसिटिलमध्ये रूपांतर होते, आणि मग तेच यीस्ट ते डायॲसिटिल परत आत घेऊन त्याचे जवळपास गंधहीन अशा पदार्थांत रूपांतर करते. म्हणजे हा वास प्रत्येक किण्वनात येतोच. प्रश्न इतकाच, की यीस्टला तो आवरण्याइतका वेळ आणि ऊब मिळाली का. घाईने थंड केलेल्या किंवा लवकर यीस्टपासून वेगळ्या काढलेल्या बिअरमध्ये तो मागे राहतो. विशेष फसवी गोष्ट अशी, की मधला पदार्थ स्वतः वासाचा नसतो. बाटल्या भरताना बिअर निर्दोष वाटते आणि पुढे बाटलीत त्याचे रूपांतर झाले की लोणी प्रकट होते.

याची परीक्षा सोपी आहे आणि प्रत्येकाने बाटल्या भरण्यापूर्वी ती करावी. बिअरचे दोन लहान नमुने झाकलेल्या पेल्यांत घ्यावेत, एक सुमारे ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात २० मिनिटे ठेवावा, दुसरा तसाच राहू द्यावा, मग पहिला गार करून दोन्ही हुंगावेत. तापवलेल्या नमुन्यात लोणी आले आणि न तापवलेल्यात नाही, तर मधला पदार्थ अजून शिल्लक आहे, बिअरला आणखी दोन-तीन दिवस यीस्टवरच राहू द्यावे. दोन्हींत आले तर डायॲसिटिल आधीच तयार आहे, पण यीस्टने ते उचललेले नाही. दोन्ही स्वच्छ असतील तरच बाटल्या काढाव्यात. लागरच्या, म्हणजे थंड तापमानात किण्वन होणाऱ्या बिअरच्या, बाबतीत याच कारणासाठी किण्वनाच्या अखेरीस तापमान १६ ते १८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरी वाट किण्वनानंतर कोरड्या घातलेल्या हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांमधून, जाते. हॉप्समध्ये अल्प प्रमाणात असे विकर असतात जे यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचे तुकडे करून त्यांची साखर करतात. संपलेले वाटणारे किण्वन त्यामुळे पुन्हा हळूच सुरू होते आणि त्याबरोबर अल्फा-ॲसिटोलॅक्टेटही नव्याने तयार होते. ज्यांनी हॉप्स घातल्यावर दोन दिवसांत बिअर थंड केली, त्यांना बाटलीत लोणी मिळण्याची शक्यता बरीच असते. परंतु या दोन्ही वाटांनी आलेला दोष सगळ्या बाटल्यांत सारखा असतो, कारण तो पात्रातल्या एकाच बिअरमध्ये जन्मलेला असतो. शिवाय बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर तो काही आठवड्यांत ओसरण्याकडे झुकतो, वाढत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे. काही बाटल्या खराब आणि काही चांगल्या, दोष दिवसांबरोबर वाढणारा आणि सोबत आंबटपणा, या तिन्ही खुणा तिसऱ्या वाटेकडे, म्हणजे जिवाणूंकडे बोट दाखवतात. पेडिओकोकस या कुळातील काही जिवाणू डायॲसिटिल आणि लॅक्टिक आम्ल दोन्ही तयार करतात. हॉप्समधील कडू आम्ले या गटातल्या बहुतेक जिवाणूंना रोखतात, म्हणूनच हॉप्स घातलेली बिअर इतकी टिकते. पण पेडिओकोकस डॅम्नोससचे अनेक वाण त्या कडूपणाला सरावलेले असतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही, वाढायला आठवडे लागतात, आणि वायू ते जवळजवळ निर्माण करत नाहीत. आपल्या बाटल्यांत फेस सारखाच राहिला याचा अर्थ या चित्रात नीट बसतो. दोषी बाटली हळुवार ओतून पाहावी. बिअर किंचित तेलकट, तार धरल्यासारखी वाहत असेल तर संशय आणखी पक्का समजावा, कारण यातले काही वाण तसा चिकट पदार्थही बनवतात.

एक खात्री मात्र करून घ्यावी. एका चांगल्या आणि एका वाईट बाटलीतील बिअर ढवळून तिचा वायू पूर्ण काढावा आणि हायड्रोमीटरने दोन्हींचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. दोन्ही आकडे बाटल्या भरतानाच्या आकड्याजवळ असतील तर ठीक. पण वाईट बाटलीचा आकडा १.०१२ वरून १.००६ वर उतरावा इतका घसरला असेल, तर साखर खाणारे दुसरेच कोणीतरी आत आहे. बहुधा ते रानटी यीस्ट किंवा डेक्स्ट्रिन पचवणारे डायस्टॅटिकस जातीचे यीस्ट असते. तसे असेल तर बाटल्यांमधील दाब वाढत जाईल, आणि तेव्हा प्रश्न चवीचा न राहता फुटणाऱ्या काचेचा होतो. अशा बाटल्या ताबडतोब थंड कराव्यात आणि डोळे व हात झाकूनच हाताळाव्यात.

जिवाणू शिरले कोठून? किण्वनपात्रात शिरले असते तर सर्व बाटल्या आज ना उद्या बिघडल्या असत्या, आणि त्याही साधारण एकाच वेळी. काहीच बिघडल्या म्हणजे संसर्ग बिअर पात्रातून निघाल्यानंतरचा आहे: बाटल्या भरण्याच्या बादलीची तोटी, सायफनची नळी, बाटलीच्या तळाशी टेकवायची झडपेची नळी, किंवा खुद्द काही बाटल्या. मी यांतून तोटीला पहिला मान देईन. आपण कोणत्या क्रमाने बाटल्या भरल्या हे आठवत असेल, किंवा त्या क्रमाने ठेवलेल्या असतील, तर वाईट बाटल्या पहिल्या काही आहेत का ते पाहावे. तोटीत दडलेली घाण सुरुवातीच्या बिअरबरोबर धुऊन जाते, त्यामुळे पहिल्या सहा-सात बाटल्यांत तिचा वाटा सर्वाधिक असतो. वाईट बाटल्या कोणत्याही क्रमाविना विखुरलेल्या असतील तर दोष बाटल्यांचा, विशेषतः ज्या वापरानंतर लगेच न धुता तशाच वाळू दिल्या त्यांचा.

हे मी अंदाजाने सांगत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्या सलग चार बॅचेस अशाच बिघडल्या. मी यीस्ट बदलले, नवे किण्वनपात्र घेतले, उकळण्याची वेळ वाढवली, प्रत्येक बॅचनंतर बादली आरशासारखी लखलखीत केली, आणि पाचव्या वेळी सहज म्हणून तोटी फिरवून उघडली तेव्हा तिच्या आतल्या दोन भागांच्या मध्ये राखाडी रंगाचा बुळबुळीत थर निघाला. प्लास्टिकची तोटी अखंड दिसते, पण बहुतेक तोट्यांमध्ये एका नळीत दुसरी नळी फिरत असते, आणि त्या फटीत गोड बिअर महिनोन्‌महिने राहू शकते. गरम पाण्यात काही मिनिटे ठेवली की ती दोन्ही भाग ढकलून वेगळी करता येते. धातूच्या गोल झडपांचीही हीच कथा आहे; त्या पूर्ण खोलल्याशिवाय स्वच्छ होत नाहीत.

येथे धुणे आणि निर्जंतुक करणे यांतला फरक पक्का करायला हवा, कारण निम्मे दोष या दोहोंची गल्लत केल्याने होतात. आम्लयुक्त किंवा आयोडीनयुक्त जंतुनाशक द्रावणे एक-दोन मिनिटांत काम करतात, परंतु ती फक्त पृष्ठभागावरच्या जिवांवर. वाळलेल्या प्रथिनांचा किंवा साखरेचा थर असेल तर त्याखालचे जिवाणू सुखरूप राहतात. म्हणून आधी सोडियम परकार्बोनेटसारख्या अल्कधर्मी क्षालकाच्या कोमट द्रावणात भाग भिजत ठेवावेत, घासावेत, स्वच्छ पाण्याने विसळावेत, आणि मगच जंतुनाशकात बुडवावेत. प्लास्टिकला तारेची किंवा खरखरीत घासणी लावू नये. ओरखडे म्हणजे जिवाणूंची घरेच. आपली सायफन नळी आतून धूसर झाली असेल तर ती धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावी.

पुढच्या बॅचमध्ये हाच निष्कर्ष तपासण्याची एक जुनी आणि उत्तम रीत आहे. उकळून गार केलेला वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, यीस्ट घालण्यापूर्वी, एका उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत थोडा घ्यावा आणि झाकण सैल ठेवून ३० अंशांच्या आसपास उबेत ठेवावा. तीन दिवस तो स्वच्छ, शांत आणि गोड वासाचा राहिला तर गार करण्यापर्यंतची आपली सफाई चांगली आहे. एका दिवसातच गढूळ होऊन बुडबुडे आले तर संसर्ग त्याआधीच होतो आहे, बहुधा गार करणाऱ्या यंत्रात किंवा नळीत. याशिवाय बाटल्या भरताना दोन बाटल्या तोटीतून न भरता, उकळलेल्या पळीने थेट पात्रातून भराव्यात आणि त्यांवर खूण करावी. ऑक्सिजन थोडा जास्त जाईल, त्याची चिंता करू नये. पाच आठवड्यांनी त्या दोन चांगल्या आणि इतर काही वाईट निघाल्या, तर तोटीवरचा संशय सिद्ध झाला.

आता आधीच्या बॅचचा औषधी वास. हा मुळात वेगळा दोष आहे आणि त्याची दोन रूपे नीट वेगळी करता आली पाहिजेत. जखमेची पट्टी, जंतुनाशक, रुग्णालयाचा दरवळ अशा शब्दांत जो वास सांगितला जातो तो क्लोरोफिनॉलांचा असतो. पाण्यातील किंवा ब्लीचमधील क्लोरीन माल्ट आणि यीस्टकडून येणाऱ्या फिनॉल गटातील पदार्थांशी संयोग पावून ही संयुगे बनतात, आणि लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या नगण्य प्रमाणातही ती नाकाला झोंबतात. ती एकदा तयार झाली की कितीही दिवस ठेवून जात नाहीत. दुसरे रूप लवंगेसारखे असते. ते माल्टमधील फेरुलिक आम्लापासून विशिष्ट यीस्ट तयार करते, गव्हाच्या काही बिअरमध्ये ते हवेच असते, आणि पेल एलमध्ये न मागता आले तर रानटी यीस्टचा संशय घ्यावा. लवंग असेल, बिअर अपेक्षेपेक्षा कोरडी असेल आणि फेसही जास्त असेल तर रानटी यीस्ट. नुसते औषध असेल आणि बाकी सर्व यथास्थित असेल तर क्लोरीन.

आपण त्या बॅचच्या वेळी बाटल्या ब्लीचने धुतल्याचे लिहिले आहे, त्यामुळे माझा कौल क्लोरीनला आहे. ब्लीच मी बिअरच्या जवळही येऊ देत नाही. विसळण्यात थोडी कसर राहिली तरी बॅच जाते. पण नळाचे पाणीही निर्दोष समजू नये. पाण्यात मोकळे क्लोरीन असेल तर ते पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळल्याने किंवा रात्रभर उघडे ठेवल्याने बरेच उडून जाते, मात्र अनेक ठिकाणी पाणीपुरवठ्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते साध्या उकळीने सहज जात नाही. दोहोंवर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. कॅम्पडेन नावाने त्याची गोळी मिळते, २० लिटर पाण्याला अर्ध्या गोळीहून कमीच पुरते, आणि काही मिनिटांत काम होते. मॅशचे (माल्ट भिजवण्याचे) पाणी आणि धान्य धुण्याचे पाणी, दोन्हींना ती घालावी. अनेक जण दुसरे विसरतात.

या दोन दोषांपलीकडचे दोष आपल्या बिअरमध्ये आज नाहीत, तरी ते पुढे भेटतीलच, म्हणून त्यांच्याविषयीही लिहितो.

तापमानाबद्दल थोडे विस्ताराने बोलणे आवश्यक आहे, कारण आपल्या प्रश्नात एक अर्धे वाक्य असे आहे की किण्वन १९ अंशांवर झाले. ते १९ अंश खोलीचे होते. जोमदार किण्वनात पात्रातली बिअर खोलीपेक्षा तीन ते पाच अंश अधिक गरम होऊ शकते, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा यीस्ट वाढत असते आणि चवीचे बहुतेक पदार्थ ठरतात, तेव्हा आपली बिअर २३ अंशांवरही गेली असेल. याचा परिणाम केळ्यासारख्या वासात, त्याहून अधिक झाल्यास नखांना लावायच्या रंगाच्या द्रावकासारख्या वासात, आणि घशात जळजळ करणाऱ्या उच्च अल्कोहोलांत दिसतो. ही जळजळ साठवणीने फारशी मवाळ होत नाही. तापमापकाची टोकदार काडी पात्राच्या बाजूला बिअरच्या पातळीखाली चिकटवून तिच्यावर जाड कापड किंवा फोमचा तुकडा बांधला की आतल्या तापमानाच्या बरेच जवळचे मोजमाप मिळते. पात्र पाण्याच्या टबात ठेवणे हा सर्वांत साधा उपाय. पाण्याचा साठा मोठा असल्याने तापमान झपाट्याने वर-खाली होत नाही. आणि काबू करायचा तो पहिल्या तीन दिवसांत. नंतर दोन-तीन अंश वाढू दिले तर उलट फायदाच होतो, यीस्ट आपले काम पुरे करते.

यीस्टची मात्राही याच मुद्द्याशी जोडलेली आहे. एलसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (वर्टमधील साखरेचे प्रमाण मोजण्याचे एकक) साधारण ७.५ लाख पेशी आणि लागरसाठी त्याच्या दुप्पट, असा प्रचलित ठोकताळा आहे; १२ प्लेटोच्या २० लिटर एलला हा हिशोब १८० अब्ज पेशींवर येतो. जुन्या द्रवरूप यीस्टच्या एका पाकिटात इतक्या जिवंत पेशी नसतात. कमी पेशींना अधिक वेळा विभागावे लागते, आणि थकलेले यीस्ट आपली कामे अर्धवट टाकते. हिरव्या सफरचंदाचा, कच्च्या भोपळ्याचा वास देणारे ॲसिटाल्डिहाइड त्यामुळे मागे राहते. ते अल्कोहोल बनण्याच्या आधीची पायरी आहे. बहुतेक वेळा त्यावर उपाय म्हणजे आणखी एक आठवडा हात न लावणे.

उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. फिकट माल्टमधील एका पदार्थापासून तो उष्णतेने तयार होतो आणि वाफेबरोबर उडून जातो. १०० अंशांवर तो मूळ पदार्थ साधारण ३५ ते ४० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ६० मिनिटांच्या उकळीनंतर सुमारे एक तृतीयांश आणि ९० मिनिटांनंतर एक पंचमांश उरतो. अगदी फिकट पिल्सनर माल्टसाठी ९० मिनिटे सांगितली जातात त्यामागचा हिशोब हा. उंचीवरच्या प्रदेशात पाणी कमी तापमानाला उकळते, तेथे वेळ आणखी वाढवावा. भांड्यावर झाकण ठेवून उकळणे ही मात्र कोठेही चूकच: वाफ झाकणाला लागून परत थेंबांनी खाली येते. आपल्या पेल एलच्या माल्टमध्ये हा मूळ पदार्थ कमी असतो, त्यामुळे आपल्याला याची चिंता नाही.

ऑक्सिजनचा दोष मात्र सर्वांना गाठतो, आणि नवशिक्या ब्रूअरच्या हे उशिरा लक्षात येते. ओल्या पुठ्ठ्याचा वास हे त्याचे प्रसिद्ध रूप, आणि तो देणारे ट्रान्स-२-नॉनेनाल लिटरला सुमारे ०.१ मायक्रोग्रॅम इतके असले तरी जाणवते. परंतु हॉप्सचा सुवास ज्यांचा प्राण आहे अशा बिअरमध्ये पुठ्ठा बऱ्याच उशिरा येतो. त्याआधी सुवास मंदावतो, मग मधासारखा किंवा शिळ्या मुरंब्यासारखा गोडवा पुढे येतो, आणि रंग सोनेरीवरून तपकिरी-जांभळट होऊ लागतो. लोक या अवस्थेला हॉप्स जुने होते असे म्हणून सोडून देतात. दोष बहुधा किण्वन संपल्यानंतर बिअर ओतताना झालेल्या खळखळाटाचा असतो. किण्वनाच्या आधी वर्टमध्ये ऑक्सिजन हवा, लिटरला ८ ते १० मिलिग्रॅम. किण्वन संपल्यावर मात्र तोच शत्रू. सायफनच्या नळीचे टोक नेहमी तळाशी असावे, बाटली भरताच वर आलेल्या फेसावर लगेच बूच बसवावे, आणि तयार बिअर शक्य तितक्या थंड जागी ठेवावी, कारण दर १० अंशांच्या वाढीला या प्रक्रिया दोन ते तीन पट वेगाने होतात.

प्रकाशाचा दोष यापेक्षा सोपा. हॉप्समधील कडू आम्ले निळ्या आणि अतिनील प्रकाशात तुटून गंधकयुक्त थायॉल बनवतात, आणि त्याचा वास लिटरला काही नॅनोग्रॅमवरही येतो. त्याची तुलना स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्याशी करतात. तो प्राणी न पाहिलेल्याने जळकट रबर आठवावे. तपकिरी काच बरेच संरक्षण देते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळपास नाहीच. उन्हात काही मिनिटे पुरतात.

सडक्या अंड्याचा वास किण्वन चालू असताना आला तर घाबरू नये, विशेषतः लागरच्या यीस्टमध्ये. तो वायूबरोबर निघून जातो. चहासारखा, जीभ आखडणारा तुरटपणा येत असेल तर धान्य धुण्याच्या पाण्याकडे पाहावे: सामू ६ च्या वर आणि तापमान ७७ अंशांच्या वर गेले की टरफलांतील टॅनिन उतरते. धातूचा स्वाद पाण्यातील लोहाचा किंवा उघड्या पडलेल्या लोखंडाचा असतो. तळहाताच्या मागच्या बाजूला थेंब चोळून हुंगल्यास तो अधिक स्पष्ट होतो. पायमोज्यांसारखा, जुन्या चीजसारखा वास उबेत शिळ्या झालेल्या हॉप्सचा.

आपल्या नाकावर किती विसंबावे हाही प्रश्न आहे. काही माणसांना डायॲसिटिल जाणवतच नाही, मला स्वतःला डायमिथाइल सल्फाइड इतरांपेक्षा उशिरा जाणवते, आणि आपण जे शोधतो ते आपल्याला सापडते हेही खरेच. म्हणून दोन बाटल्या खरोखर वेगळ्या आहेत का हे ठरवायचे असेल तर दुसऱ्या कोणाला तीन सारखे पेले भरायला सांगावे, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखण्याचा प्रयत्न करावा. केवळ नशिबाने तीनदा एकदा बरोबर येते, म्हणून हा खेळ पाच-सहा वेळा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पेल्यातली बिअर फार थंड नसावी. चार अंशांवर निम्मे दोष गोठलेले असतात, १२ ते १४ अंशांवर ते बोलू लागतात.

पुढच्या बॅचला आपण तेच माल्ट, तेच यीस्ट, तीच मात्रा ठेवावी. बदल फक्त तोटी खोलून धुण्याचा, नळी नवी घेण्याचा, आणि पाण्याला मेटाबायसल्फाइट देण्याचा. शेवटचा बदल वेगळ्या दोषासाठी असल्याने दोहोंची सरमिसळ होणार नाही. बाटल्यांवर भरण्याच्या क्रमाने आकडे टाकावेत. आधी सांगितलेल्या दोन खुणेच्या बाटल्या आणि वर्टची बरणी विसरू नये, आणि दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या आठवड्याला पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या क्रमांकाची एकेक बाटली उघडून जे वाटेल ते त्याच वेळी लिहून ठेवावे.

सध्याच्या बाटल्यांपैकी ज्या चांगल्या आहेत त्या आजच थंडीत हलवाव्यात. जिवाणू मरणार नाहीत, पण जवळजवळ थांबतील, आणि त्या बाटल्या महिन्याभरात संपवाव्यात. आंबटलेल्या बाटल्यांची बिअर पिणे सामान्यतः अपायकारक नसते, कारण अल्कोहोल, कडू आम्ले आणि कमी सामू यांच्या एकत्रित परिणामात रोगजंतू सहसा वाढत नाहीत. आवडत नसेल तर ओतून द्यावी. या बॅचच्या बाटल्यांच्या तळाशी बसलेले यीस्ट मात्र, चांगल्या बाटलीतलेही, पुढच्या बॅचसाठी राखून ठेवू नये.